न दुखणारी गाठ

करडीच्या रंभाबाईच्या तोंडी लागायची छाती गावात फार थोड्यांना होती. बाई अंगानं काटक, आवाज मात्र असा की बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, एका पाळीवरून हाक मारली तर पलीकडच्या पाळीवरची म्हैस चरायची थांबायची. धानाच्या रोवणीचे दिवस आले की गावातल्या बायकांची टोळी तिच्यामागून चालायची. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी उतरायचं आणि कोणाला ताटकळत ठेवायचं, हे ती ठरवायची. एखाद्या मोठ्या शेतकऱ्यानं जास्त ऐट केली की ती शेताच्या धुऱ्यावर उभी राहून सांगायची, "मंग तुमचे पऱ्हे तुमीच लावा जी. देवानं तुमालेबी दोन हात देल्ले आहेत."

टोळीचा एक रिवाज होता. सकाळी चिखलात उतरायच्या आधी रंभाबाई कमरेची चंची सोडायची, तंबाखूला चुना लावून मळायची आणि प्रत्येकीच्या हातावर चिमूट ठेवायची. चिमूट घेतली म्हणजे बोली पक्की. मग कंबर मोडो की पाऊस झोडपो, ती बाई दिवस पुरा केल्याशिवाय बांधीबाहेर यायची नाही. नवी सून पहिल्यांदा रोवणीला आली की तिला ठसका लागायचा, सगळ्या खदखदून हसायच्या, पण चिमूट घ्यायला लावायच्याच. खुद्द रंभाबाईच्या डाव्या गालात तर तंबाखूची गोळी कायम मुक्कामाला. जेवताना ती बाहेर यायची, तेवढीच.

तिची दुसरी ख्याती बोटांची. रोवणीत दिवसभर चिखलात उभं राहायचं, पायांत काटे मोडायचे, शिंपल्यानं तळवे कापायचे. पाय चिघळला की जांघेत गाठ यायची. तिला अवधान म्हणतात. बाई लंगडत रंभाबाईकडे यायची. रंभाबाई बोटांनी गाठ चाचपून एरंडाचं पान गरम करून बांधायची आणि जखम धुवायला सांगायची. आठवडाभरात गाठ जिरायची. यश अर्थातच पानाला आणि रंभाबाईला. चाचपताना ती एकच गोष्ट विचारायची, "दुखते का वो?" दुखत असेल तर पान. दुखत नसेल तर हात झटकायची. "थंडी गाठ आहे. काई होत नाई तिले. जाय, काम कर."

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात तिच्या स्वतःच्या डाव्या जबड्याखाली गाठ आली. आधी लाखोरीच्या दाण्याएवढी, धान कापणीला आलं तोवर चिंचोक्याएवढी. गालाच्या आतही एक चट्टा होता, तिखट लागलं की आग व्हायची. तिनं तिखट कमी केलं. गाठ मात्र दिवसातून दहादा दाबून बघायची आणि दर वेळी समाधानानं मान हलवायची. दुखत नव्हती ना! लोकांना सांगितलेला नियम तिनं स्वतःलाही लावला. एवढी प्रामाणिक ती होतीच.

चट्टा फुटून रक्त यायला लागलं तेव्हा नवरा, यादोराव, घाबरला. हा गरीब स्वभावाचा माणूस. घरात आवाज बायकोचा आणि निर्णय मोठ्या भावाचा, मधल्या मधे याचं बरं चाललं होतं. पण या वेळी त्यानं कोणालाच न विचारता तिला मोहाडीच्या डॉक्टरकडे नेलं. मोहाडीवाल्यानं भंडाऱ्याला पाठवलं आणि भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून बघितल्याबरोबर नागपूरला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घाटे नावाचे डॉक्टर होते. चष्म्यावरून बघणारे, कमी बोलणारे. त्यांनी गालातला तुकडा तपासायला घेतला आणि काही दिवसांनी नवराबायकोला बोलावून कॅन्सर म्हणून सांगितलं. यादोराव मटकन बाकावर बसला. रंभाबाई उभीच होती.

"गालातलं मानते मी," ती म्हणाली. "पण गळ्याची गाठ थंडी आहे. दुखतच नाई."

"ती दुखत नाही, हेच वाईट आहे," घाटे म्हणाले.

हे तिला झोंबलं. तिनं अवधानाचं सगळं शास्त्र त्यांना ऐकवलं, एरंडाच्या पानासकट. मागे रांग खोळंबली होती, तरी डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

"तुमचं अवधान खरं आहे," ते म्हणाले. "जखमेतलं पाणी, रक्त नव्हे, अंगात झिरपणारं पाणी, बारीक वाटांनी वर जातं. वाटेत गाठी असतात. त्या जन्मापासून सगळ्यांनाच असतात. त्यांत पांढऱ्या पेशी राहतात. त्यांचं काम पहाऱ्याचं. जखमेतले जंतू आले की त्या वाढतात, जंतूंवर तुटून पडतात, म्हणून गाठ सुजते आणि दुखते. जखम बरी झाली की सूज उतरते. पान बांधा की नका बांधू."

शेवटचं वाक्य रंभाबाईला मुळीच आवडलं नाही. "आन् माही?"

"तुमच्या गालातल्या रोगाचे कण त्याच वाटेनं मानेत आलेत. पण त्यांना बघून पेशी तसा गलका करत नाहीत. गाठ गुपचूप भरत जाते. म्हणून ती टणक लागते आणि दुखत नाही."

"काहून नाई करत गलका? आंधळे आहेत का ते पहारेकरी?"

"आपल्याच अंगातले कण ना ते. बिघडलेले, पण घरचेच. ओळखू येत नसावेत."

रंभाबाईनं जरा विचार केला. "करग्यासारखं," ती म्हणाली. करगा म्हणजे धानात आपोआप उगवणारं रान. पात धानाचीच, उंची धानाची, लोंबी बाहेर पडेपर्यंत पक्क्या शेतकऱ्यालाही कळत नाही. "पण मंग तुमच्या पेशी लोंबी आल्यावर तरी ओळखतात का नाई?"

"कधी ओळखतात, कधी नाही. का, ते अजून आम्हालाही नीट माहीत नाही."

"तुमालेबी मालूम नाई?"

"नाही."

इथं तिचा डॉक्टरांवर भरवसा बसला. गावातल्या एकाही जाणत्याच्या तोंडून तिनं हे शब्द ऐकले नव्हते. स्वतःच्या तोंडूनही नाही. आणि मग तिला चंद्रभागा आठवली. टोळीतली चंद्रभागा, काखेत गाठ आली म्हणून दोन वर्षांमागे दाखवायला आलेली. दुखते का वो? नाई. मग जाय, काम कर. चंद्रभागा कामाला गेली आणि पुढल्या रोवणीला नव्हती. रंभाबाई तिथंच, दवाखान्याच्या फरशीवर बसली. कॅन्सर ऐकूनही ती उभीच राहिली होती.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. गालाचा रोगट भाग जबड्याच्या तुकड्यासकट काढायचा आणि त्याच वेळी मानेच्या त्या बाजूच्या सगळ्या गाठी काढायच्या. तोंड वाकडं होईल, बोलणं जड होईल, डावा खांदा उतरेल. पण गाठी ठेवल्या तर बाई वर्ष काढणार नाही. आणि काढल्या तर? तरीही शब्द देता येत नाही, पण आशा आहे. नातेवाइकांनी अंगठा द्यावा.

अंगठा यादोरावाचा, पण तो उठणार भैय्याजींच्या हुकमानं. भैय्याजी म्हणजे रंभाबाईचे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. गावात चार माणसं भांडली की निवाडा यांच्याकडे, आणि हे बोलले की प्रकरण मिटलं. निरोप गेला तसे ते दुसऱ्याच दिवशी नागपुरात हजर झाले. धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा. रंभाबाईनं लगेच डोक्यावरून पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. लग्न होऊन करडीत आली तेव्हापासून ती भासऱ्यांशी एक शब्द बोलली नव्हती. घरात तसाच रिवाज. सुनेनं भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, काही सांगायचं झालं तर नवऱ्याच्या किंवा जावेच्या मार्फत. बाहेर अख्खी टोळी हाकणारी ही बाई घरात या एका माणसापुढे बिनजिभेची होती.

भैय्याजी वाईट माणूस नव्हते, हे सांगून टाकलेलं बरं. त्यांच्या आईला मानेत गाठ आली होती, कोणीतरी ती वस्तऱ्यानं फोडली आणि महिन्याच्या आत म्हातारी गेली. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. गाठीला लोखंड लागलं की ती अंगभर पसरते हे त्यांच्यासाठी ऐकीव नव्हतं. म्हणून त्यांनी निवाडा दिला, अगदी गावातल्यासारखा, दोन्ही बाजू राखून.

"गालाचं कापा, डॉक्टरसायेब. आमची ना नाई. पण गळ्याच्या गाठीले लोखंड लावू देनार नाई. ते आमी झाडपाल्यानं पाहून घेऊ."

"अर्धं ऑपरेशन करून काही उपयोग नाही," घाटे म्हणाले. त्यांनी पुन्हा सगळं समजावलं. भैय्याजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तेच. गळ्याले हात नाई लावाचा."

यादोराव कधी भावाकडे बघे, कधी जमिनीकडे. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेव्हा रंभाबाई वळली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं.

"भैय्याजी," ती म्हणाली.

नावानं! यादोरावाला वाटलं आपल्या कानांचा काही घोटाळा झाला. भैय्याजींनी तर तिच्याकडे बघितलंच नाही. ते समोरच्या खिडकीकडे बघत राहिले.

"भैय्याजी, निंदाले उतरल्यावर अर्धी बांधी निंदून अर्धी सोडता का तुमी? करगा जाऊन बसला आहे मानेत. डॉक्टर म्हणते उपटतो, आन् तुमी म्हणता राहू द्या. कोनाची मान आहे हे? तुमची आहे का? तुमच्या मायले ज्यानं फोडलं त्यानं वरतून फोडलं, उपटलं नाई. मी मेली तर दोन जागी कापून मरन, पन अर्धी कापून मरनार नाई!"

मग नवऱ्याकडे वळून, "अजी, इकडे आना तो अंगठा." यादोराव हलेना, तेव्हा तिनंच त्याचं मनगट धरलं, शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. यादोरावानं हात मागे घेतला नाही. आयुष्यात त्यानं केलेलं हे सगळ्यात मोठं बंड. भैय्याजी उठले, दुपट्टा झटकला आणि गाडीच्या वेळेच्या कितीतरी आधी स्टेशनवर जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांनी धाकट्या सुनेचं नाव टाकलं.

ऑपरेशन झालं. नाकातून नळी, मानेवर पट्ट्या, तोंडात जीभ असून नसल्यासारखी. कितीतरी दिवस नळीतून पेज. रंभाबाई डोळ्यांनीच भांडायची. मानेतून काढलेल्या गाठी तपासून आल्या तेव्हा घाटे स्वतः तिच्या खाटेपाशी आले.

"दोन गाठींमध्ये रोग होता," ते म्हणाले. "बाकीच्यांत नव्हता. त्या फुगल्या होत्या, पण पांढऱ्या पेशींनी. तुमच्या भाषेत, त्या गलका करत होत्या."

त्यांना वाटलं बाई खूश होईल. रंभाबाईच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. डॉक्टरांना कळला नाही. यादोरावालाही नाही. तिनं पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. लाळ गळत होती, टाके ओढत होते, तरी तिनं ते समजेपर्यंत म्हटलं.

"लढून रायल्या होत्या... आन् त्यायलेबी कापलं?"

घाटेंनी चष्मा काढला. "हो. कापल्याशिवाय कोणती कशी ते कळत नाही. एक चुकीची मागे राहिली असती तर सगळं फुकट गेलं असतं."

गव्हाबरोबर किडे रगडतात म्हणतात. इथं किड्यांबरोबर गहू रगडला गेला होता. रंभाबाई रडली. गेलेल्या जबड्यासाठी नाही, त्या गाठींसाठी. आपल्या अंगात कोणीतरी आपल्यासाठी मुकाट्यानं लढत होतं आणि आपण त्याचीही माती केली, हे तिला सहन होईना. यादोराव पाठीवरून हात फिरवत राहिला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि जड जिभेनं म्हणाली, "आता मी फुकट मरनार नाई." हे मात्र यादोरावाला पहिल्याच वेळी समजलं.

पुढे किरणांचा शेक झाला आणि उन्हाळ्यात ती करडीला परतली. तोंड डावीकडे ओढलेलं, मान एका बाजूनं खोल गेलेली, खांदा उतरलेला. मोठी जाऊ कुंताबाई चांगली होती, तिनं रंभाबाईला बघून हंबरडा फोडला आणि मग कानात सांगितलं, "पदर घेत जाय वो तोंडावर. पोरं भेतात."

"भेऊ दे. सवय होईन," रंभाबाई म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी उघड्या तोंडानं बाजारात गेली. लोक बघायचे. ती थांबायची, त्यांचं बघून होऊ द्यायची, मग पुढे जायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हिचा तर सुंभही पुरता जळला नव्हता.

पावसाळ्यात ती बांधीत उतरली. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, पण रोवणीत डाव्या हातानं पऱ्ह्यांची, रोपांची, जुडी नुसती धरायची असते, रोवायचं उजव्यानं. गाण्याची पहिली ओळ तिचीच असायची. या वेळी तिच्या ओळीतला एकही शब्द कोणाला लागेना. तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली, अजून मोठ्यानं. शेवटी शकुनबाईनं, टोळीतल्या तिच्या जुन्या जोडीदारणीनं, अंदाजानं ती ओळ उचलली. शब्द भलतेच लागले, तरी गाणं सुरू झालं.

चंचीचं काय, हा प्रश्न त्याच सकाळी निघाला होता. रंभाबाईनं हातावर तंबाखूऐवजी गुळाचा खडा ठेवला. बायका बिथरल्या. "गूळ खाऊन रोवनी करू काय वो? मुंगडे चावतीन!" दोघी-तिघी रागानं दुसऱ्या टोळीत गेल्या. ज्या राहिल्या त्यांतल्याही काही घरून तोंडात घालून यायच्या, ते तिला कळायचं. ती प्रत्येकीसमोर तोंड उघडून आपला गाल आतून दाखवायची. तिच्या शिव्या आता बंद झाल्या होत्या, कारण शिवीला धार लागत नव्हती. हे एक दाखवणं उरलं होतं. आणि गावात कोणाच्या मानेत, काखेत गाठ आली की पूर्वीसारखी विचारायची, दुखते का. दुखते म्हटलं तर घरी पाठवायची. नाही म्हटलं तर स्वतः यष्टीत बसवून भंडाऱ्याला न्यायची. काही गेल्या, काहींनी दार लावून घेतलं. बंद दाराबाहेर ती ओरडत बसायची.

वर्षं गेली. घाटे दर तपासणीला तिची मान चाचपून नुसतं हूं म्हणायचे, आणि तो हूं ऐकायला ती नागपूरला जायची. भैय्याजी मात्र त्याच घरात राहून बोलत नव्हते. म्हणजे तशी रीतच होती, पण आता त्या रीतीत राग मिसळला होता. ती अंगणात आली की ते उठून जायचे.

चौऱ्याऐंशीच्या चैत्रात तिच्या लक्षात आलं की भैय्याजी एवढ्या उन्हात गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळून बसतात. कुंताबाई भात कुस्करून, वरणात कालवून देते. विडी सुटली आहे, आणि निवाड्याला बोलावणं आलं तर ते बरं नाही म्हणून सांगतात. रंभाबाईनं जावेला विचारलं. कुंताबाई चुलीत फुंकणी घालून बसली. डोळे लाल होते, ते धुरानं म्हणावं तर चूल पेटलेलीच नव्हती.

रंभाबाई तशीच ओसरीवर गेली. भैय्याजी खाटेवर होते, यादोराव खाली बसून दोरी वळत होता. भैय्याजी उठायला लागले.

"बसा," ती म्हणाली.

आणि तिनं हात पुढे करून त्यांचा दुपट्टा ओढला. सुनेचा चुकून भासऱ्याला धक्का लागला तर दोघांनी अंघोळ करायची, असं ते घर. यादोरावाच्या हातातली दोरी सुटली. तिनं त्यांच्या जबड्याखाली बोटं घातली. दगड होता.

भैय्याजींनी तिचा हात झटकला नाही. ते बोलले, पण दारात येऊन उभ्या राहिलेल्या कुंताबाईला.

"विचार इले. कापल्यावर मानूस बोलते का?"

रंभाबाईला तेव्हा कळलं, हा माणूस लोखंडाला भीत नव्हता. ज्याच्या बोलण्यावर गाव उठत-बसत होतं, त्याला आपल्या तोंडून असलं जड, गळकं बोलणं निघेल याची भीती होती. तिच्यासारखं. राग यायला हवा होता. आलाही, पण सगळा टिकला नाही.

"मंग मी इतकी वर्सं काय करून रायली?" ती म्हणाली.

"समजते का लोकायले, विचार."

"ज्याले ऐकाचं आहे त्याले समजते. तुमाले समजलं का नाई आता?"

समजलं होतं, शब्दन्‌शब्द. कुंताबाई पदराला डोळे पुसत होती. ओसरीवर एक कोंबडी चढली, तिला कोणी हाकललं नाही.

"पाहाटची गाडी पकडाची आहे," शेवटी ते कुंताबाईला म्हणाले. "नागपूरची. धोतर काढून ठेव. आन् इले सांग, संग चाल म्हना."

"मले सांगा," रंभाबाई म्हणाली. "मी इथंच उभी आहे."

यादोरावानं मान खाली घातली. भैय्याजींनी मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या वाकड्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"चाल माय," ते म्हणाले, "संग चाल."